वाचक विचारतात : एकट्याचा गोल्फ आणि एकोणिसावा होल

व्यसनमुक्तीवरच्या या सदरात गोल्फविषयी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. आली, आणि जवळजवळ सगळ्यांचा रोख एकच आहे : एकट्याने खेळावं की नाही. त्यातली चार पत्रं इथे घेतली आहेत.

दारू सोडून अडीच महिने झाले. आमचा चौघांचा ग्रुप दर शनिवारी खेळतो आणि नंतर बिअर ठरलेली. समुपदेशक म्हणतात, जुनी संगत सोडा. खेळ मात्र सोडवत नाही. एकट्याने खेळलो तर चालेल का? (वय ४६, पुणे)

चालेल. फक्त चार माणसं वगळून बाकी सगळं तसंच ठेवलंत, तर फारसा उपयोग होणार नाही. गोल्फचा पूर्ण खेळ अठरा होलांचा, म्हणून क्लब हाउसमधल्या बारला गोल्फवाले एकोणिसावा होल म्हणतात. तुमच्या मेंदूने कित्येक शनिवार एकच क्रम घोकला आहे : शेवटचा पट (चेंडू होलमध्ये घालायचा हलका फटका), हस्तांदोलन, लॉकर रूम, पहिला घोट. मित्र नसले तरी वार, वेळ आणि वाट तीच असेल, तर पाय आपोआप तिकडे वळतात.

म्हणून आधी शनिवार सोडा. बऱ्याच क्लबांत शनिवार-रविवारी सकाळी एकट्याला टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची ठरलेली वेळ, मिळत नाही, त्यामुळे हा निर्णय तसाही सोपा आहे. मंगळवारी किंवा बुधवारी पहाटेची पहिली वेळ मागा. नऊच होल खेळा. पायी चार-पाच किलोमीटर चाल होते आणि पुढे गर्दी नसेल तर एकटा माणूस पावणेदोन तासांत मोकळा होतो. तोवर बार सुरूही झालेला नसतो. अठरा होलांचा मोह सुरुवातीचे काही महिने आवरा. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटात चार धोक्यांसाठी, त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून, ‘हॉल्ट’ हा शब्द वापरतात : भूक, राग, एकटेपण, थकवा. उन्हात चार तास एकट्याने खेळून, दोन चेंडू पाण्यात घालवून उपाशीपोटी परतणाऱ्या माणसात हे चारही भरलेले असतात.

बॅग घरी आणून घरच्या कुणासमोर पूर्ण रिकामी करा. गोल्फच्या बॅगेला सात-आठ कप्पे असतात. पावसाळी जॅकेटच्या कप्प्यात विसरलेली क्वार्टर नेमकी वाईट दिवशी हाताला लागते. लॉकर सोडून द्या, शूज गाडीपाशीच बदला. क्लबात नुसत्या सहीवर किंवा कार्डावर बिल होत असेल, तर बारची उधारी बंद करण्याचा अर्ज ऑफिसात द्या. कारण लिहायची गरज नाही.

सर्वांत नाजूक असतो तो खेळ संपल्यानंतरचा अर्धा तास. तो आदल्या रात्रीच भरून ठेवा. नवव्या ग्रीनवरून (होलभोवतीच्या आखूड गवतावरून) उतरलात की स्पॉन्सरला, म्हणजे गटातल्या तुमच्या जुन्या मार्गदर्शक सोबत्याला, किंवा घरी फोन करून ‘निघालो’ असं सांगा. नाश्ता घरीच करा आणि त्यानंतर कुठेतरी वेळेवर पोहोचायचं काम ठेवा. डॉक्टरांकडचा फॉलोअप किंवा गटाची मीटिंग असेल तर उत्तमच.

एक गोष्ट राहिली. आपल्याकडच्या पुष्कळ कोर्सवर कॅडी (बॅग वाहणारा मदतनीस) घ्यावाच लागतो, म्हणजे तुम्ही अगदी एकटे नसताच. पहिल्याच टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, सांगून टाका, ‘दारू बंद केलीय, हाफवेला (मधल्या थांब्यावर) बिअर विचारू नकोस.’ तो जुना ओळखीचा असेल तर सवयीने घेऊनही येईल, त्याला दोष देता येणार नाही.

दारू बंद करून तीन आठवडे झाले. पटिंग करताना हात थरथरतो. पूर्वी एक पेग घेतला की हात स्थिर व्हायचा. हे कधी थांबेल? (कोल्हापूर)

पेगने हात स्थिर होणं हेच शरीर दारूवर अवलंबून असल्याचं लक्षण होतं. दारू एकदम थांबवल्यावर झटके आले तर ते बहुधा पहिल्या दोन दिवसांत येतात. भ्रम, घाम आणि प्रचंड कंप ही गंभीर अवस्था साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात येते. त्या आठवड्यात कुणीही एकट्याने कोर्सवर जाऊ नये, ते दिवस डॉक्टरांच्या देखरेखीचे. तुम्ही त्यापुढे आला आहात. मधे एक थेंबही घेतला नसेल, तर तिसऱ्या आठवड्यातल्या कंपाची कारणं वेगळी शोधावी लागतात. लिथियम किंवा व्हाल्प्रोएटसारखी औषधं, थायरॉइड, अपुरी झोप, रिकामं पोट, दारूच्या जागी आलेला दिवसाचा आठवा चहा. डॉक्टरांना ‘हात कापतो’ एवढंच न सांगता कोणत्या वेळी आणि काय करताना कापतो ते सांगा.

हात स्थिर करायच्या गोळ्या कुणा मित्राकडून घेऊ नका. बीटा-ब्लॉकर नाडी आणि रक्तदाब उतरवतात, दम्याच्या माणसाला घातक ठरू शकतात. शिवाय गोल्फच्या स्पर्धांत ती औषधं उत्तेजक-विरोधी नियमांनी बंद आहेत.

खेळापुरतं बोलायचं तर पटरला (पट मारायच्या काठीला) जाड ग्रिप बसवून घ्या. मनगटांची हालचाल कमी होते, मग कंपाचा परिणामही कमी होतो. तीन फुटांवरून वीस पट मारा, त्याहून लांबून नको. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, चेंडूचा ४२.६७. इतक्या जवळून थोडी थरथर सहज खपते. श्वास रोखून धरू नका, तो सोडत सोडत मारा.

तळपायांना मुंग्या येत असतील किंवा पाय बधिर असतील, तर तेही दारूमुळे झालेलं नसांचं दुखणं असू शकतं. तसं असेल तर चढउताराचा कोर्स तूर्त नको, सपाट ड्रायव्हिंग रेंज (एका जागी उभं राहून फटक्यांचा सराव करायचं मैदान) बरी. घरी आल्यावर पाय उलटसुलट पाहा, फोड आला तरी कळत नाही. आणि डायसल्फिरामची गोळी (दारू घेतली तर त्रास व्हावा म्हणून देतात ती) चालू असेल, तर आफ्टरशेव्ह, सॅनिटायझर, खोकल्याचं औषध यांतल्या अल्कोहोलनेही त्रास होऊ शकतो. बॅगेतली सॅनिटायझरची बाटली काढून साबण ठेवा.

कोर्सवर एकटा असताना मधेच तलफ आली तर नेमकं काय करायचं? (नाशिक)

तलफ चढते, टोकाला जाते आणि उतरते. तिला काही दिलं नाही, तर बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटांत ती ओसरते. एकट्याला एका होलला दहा-बारा मिनिटं लागतात, म्हणजे दोन-तीन होलांचा प्रश्न असतो.

स्कोअरकार्डावर फटके लिहूच नका. खेळाडूची पातळी आकड्यात मांडणाऱ्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत एकट्याने खेळलेला स्कोअर धरला जात नाही, सोबत किमान एक माणूस लागतो. मग तो रकाना दुसऱ्या कामाला लावा : प्रत्येक होलनंतर तलफेला शून्य ते दहा आकडा द्या. चार-पाच खेळांनंतर कार्डं शेजारी शेजारी ठेवून पाहा. आकडे वाटेल तिथे वाढत नाहीत. तीन पट लागलेल्या ग्रीनवर, चेंडू हरवलेल्या झुडपापाशी वाढतात, आणि नवव्या होलला वाढतात, कारण बहुतेक कोर्सवर नववा क्लब हाउसपाशीच परत आणून सोडतो.

आकडा सातच्या वर गेला की खेळ थांबवा. मागच्यांना पुढे जाऊ द्या. सावलीत बसा, पाणी प्या, केळं किंवा शेंगदाण्याची चिक्की खा आणि फोन लावा. दोनदा प्रयत्न करूनही कुणी उचलला नाही, तर १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. उतार पडला नाही, तर तिथूनच गाडीकडे जा. होल अर्धवट सोडल्याने काही बिघडत नाही.

निम्माच सेट न्या. नियमाने चौदा क्लब (खेळायच्या काठ्या) चालतात, तुम्हाला सात पुरे : एक हायब्रिड, पाच, सात आणि नऊ नंबरची आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज, पटर. ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा क्लब, घरी राहू द्या. सगळ्यात जास्त चेंडू तोच हरवतो आणि सगळ्यात जास्त राग त्याच्यावरच निघतो. चेंडू शोधायला नियमात तीन मिनिटं आहेत, तेवढ्यात मिळाला नाही तर सोडून द्या.

ह्यांनी दारू सोडली, पण आता आठवड्यातले पाच दिवस एकटेच गोल्फला जातात. विचारलं तर चिडतात. हे नवं व्यसन म्हणायचं का? (ठाणे)

दिवस मोजून ते कळणार नाही. बाई, तुम्ही तीन गोष्टी पाहा. मीटिंग किंवा फॉलोअप चुकतोय का? वेळ आणि पैसा यांबद्दल खोटं बोलणं होतंय का? पाऊस लागून खेळ रद्द झाला, तर त्या दिवशी घरात कसे असतात? पहिल्या दोनचं उत्तर ‘हो’ असेल, तर समुपदेशकांकडे दोघांनी मिळून जावं. एकटेपण औषधापुरतंच हवं. ते वाढून माणूस सगळ्यांपासून तुटायला लागला, तर ती घसरणीच्या आधीची पायरी असू शकते. आठवड्याला दोनदा, नऊ होल, आणि ज्या आठवड्यात मीटिंग चुकली त्या आठवड्यात गोल्फही नाही, असा लेखी करार करा. पैज लावून खेळणं पूर्ण बंद, शंभर रुपयांचीही नाही.

अमेरिकी व्यावसायिक गोल्फपटू ख्रिस कर्क याचं उदाहरण ह्यांना सांगून पाहा. दारू आणि नैराश्य यांमुळे त्याने २०१९ मध्ये जाहीरपणे स्पर्धा थांबवल्या, काही महिने उपचाराला दिले, मग परतला, आणि २०२३ मध्ये होंडा क्लासिक जिंकला. पोट गोल्फवर असलेल्या माणसानेही आधी क्लब खाली ठेवले होते.