रुमालावरची चूक उसवू नका

प्रश्न : सुनेने पोर्तुगालहून भरतकाम केलेला रुमाल आणला आहे. हृदय, पक्षी, किल्ली आणि मध्ये चार ओळी. पोर्तुगीज येणाऱ्या आमच्या गोव्याच्या शेजारणीने वाचून सांगितलं की स्पेलिंग चुकलंय. तेवढं उसवून नीट भरू का? आणि असा रुमाल घरी करायचा तर टाके कोणते?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, कात्री आधी डब्यात ठेवा! हा उत्तर पोर्तुगालच्या मिन्यु भागातला ‘प्रेमिकांचा रुमाल’. विला व्हेर्द गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. शाळेचं तोंड फारसं न पाहिलेल्या पोरी जसं बोलत तसंच भरत. ‘जा’ला तिकडे ‘वाय’ म्हणतात, पण उत्तरेकडच्या बोलीत ‘व’चा ‘ब’ होतो, म्हणून रुमालावर ‘बाय’ उमटतं. आजही नवे रुमाल करताना ही अक्षरं मुद्दाम तशीच ठेवतात. पोरीने आवडत्या मुलाला रुमाल द्यायचा आणि त्याने तो चारचौघांत मिरवला की होकार समजायचा. आपल्या उखाण्यासारखंच, फक्त तोंडाऐवजी सुईने घेतलेला.

माझ्या मावशीने उशीच्या अभ्र्यावर इंग्रजीत ‘स्वीट ड्रीम्स’ भरलं होतं, ‘स्वीट’मधल्या दुसऱ्या ‘ई’च्या जागी ‘ए’ घालून. म्हणजे घामाची स्वप्नं! तो अभ्रा आम्ही बहिणींनी भांडून वाटून घेतला, चांगले भरलेले मात्र कुठे गेले कोण जाणे.

आता टाके. जुने रुमाल फुली टाक्याचे, बहुतेक लाल-काळे. पुढे रंग वाढले, तसे दांडी टाका, साखळी, भरीव टाकाही आले. तुम्ही मॅटीच्या कापडावर फुलीनेच सुरुवात करा, कारण घरं मोजता येतात. सहापदरी धाग्यातले दोनच पदर घ्या. प्रत्येक फुलीचा वरचा टाका एकाच दिशेला पडला पाहिजे. एक जरी उलटा पडला तरी उजेडात चटकन दिसतो. अक्षरं आधी चौकटीच्या वहीत काढा, नाहीतर शेवटचा शब्द काठाबाहेर जातो. तसं झालंच तर उरलेली अक्षरं खालच्या ओळीत घाला. त्या पोरीही तेच करत.

मजकूर मात्र पोर्तुगीज नको. तुमच्या घरात बोलतात तसं, सांगलीकडचं लिहा.