शालेय मंत्रिमंडळ मतदानाने निवडावं की शिक्षकांनी नेमावं?

तुम्ही विचारलंय की आठवी ते दहावीसाठी मतदान घेतलं तर मुलं मस्तीखोर पोरांनाच निवडून देतील, असं तुमच्या सहकाऱ्यांना वाटतं. मग शिक्षकांनीच नावं ठरवावीत का?

मतदानच घ्या. नाशिकमध्ये २२ वर्षं मी इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलं, आणि निवडणूक बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात असायची.

एका शाळेत नववीतला एक मुलगा मुख्यमंत्रिपदाला निवडून आला. रोज उशिरा येणारा, रोज वर्गाबाहेर उभा राहणारा. मोजणी आम्ही शिक्षक-खोलीत दार लावून केली होती. "याला कसं करायचं?" म्हणून दुसऱ्या दिवशी परिपाठात दुसऱ्या क्रमांकाच्या मुलीचं नाव जाहीर झालं. आकडे मला माहीत होते आणि मी गप्प बसलो. मुलांनी मधल्या सुट्टीत आपसात हिशेब मांडला. ती मुलगी आठवडाभर कुणाशी बोलेना. तिचा काय दोष होता? आणि तो उशीर? आईची सातपूरला सकाळची पाळी, म्हणून धाकट्या बहिणीला बालवाडीत सोडून तो यायचा. वर्गातल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं, फक्त आम्हाला नव्हतं.

पुढच्या वर्षी चार पदांसाठी एकही अर्ज आला नाही. दहावीला 'निवडणूक प्रक्रिया' शिकवत होतो, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मोजणी कुठे करतात?" त्या पोराच्या डोळ्याला डोळा देता आला नाही मला.

तेव्हापासून मोजणी सभागृहात, सगळ्यांसमोर. प्रत्येक उमेदवाराचा एक प्रतिनिधी टेबलाशी. एकाने चिठ्ठी उघडून दाखवायची, दुसऱ्याने फळ्यावर रेघ ओढायची, चार उभ्या आणि पाचवी आडवी. हल्ली बऱ्याच शाळा मोबाइलच्या ॲपवर मतदान घेतात. बीप वाजली की मुलं खूश होतात, वेळही वाचतो. पण माझं मत कागदाला, कारण रेघा आठवीतलं पोरही मोजू शकतं. चिठ्ठीवर 'नोटा', म्हणजे 'यांपैकी कुणीही नको', हा पर्याय ठेवा. खऱ्या निवडणुकीत २०१३ पासून तो आहे आणि मुलं आठवणीने मागतात. पुठ्ठ्याचा आडोसा, डाव्या तर्जनीला मार्करची खूण, एवढं पुरे. हजेरीची वगैरे अट घालायची असेल तर अर्ज मागवण्याआधी लावा, निकालानंतर नाही. गुणांच्या टक्केवारीची अट मात्र घालूच नका. १९८९ पासून १८ व्या वर्षी मत मिळतं, म्हणजे दहावीच्या मुलाला दोन-तीन वर्षांतच खरं बटण दाबायचंय. तिथे कोण गुणपत्रिका मागतं?

आणि निवडून आल्यावर त्यांना काम द्या. नुसते बिल्ले लावून प्रार्थनेला उभं केलंत तर पोरांना ते लगेच कळतं. आमच्या एका आरोग्यमंत्री मुलीने मुलींच्या स्वच्छतागृहाच्या मोडक्या कडीसाठी अर्ज लिहिला, मुख्याध्यापकांची सही घेतली आणि चार दिवसांत नवी कडी बसवून घेतली. आम्ही शिक्षक वर्षभर त्या दारावरून ये-जा करत होतो.

मस्तीखोरांचं म्हणाल, तर असाच एक क्रीडामंत्री झाला. मैदान कायम दहावीवाल्यांच्या ताब्यात असायचं, त्यात तो स्वतः पुढे. त्याने पहिल्याच बैठकीत वार वाटून दिले, पाचवीला मंगळवार आणि शुक्रवार. मी निवृत्त झालो तेव्हाही तेच वार चालू होते.