घाटावरचं राजाचं गाव

प्रश्न : मुलगी-जावई नोकरीसाठी रिओ दि जानेरोला असतात, डिसेंबरात आम्ही दोघं जातोय. जावई म्हणतात पेट्रोपोलिस नावाच्या हिल स्टेशनला नेतो. आमचे हे म्हणतात, डोंगरच बघायचे तर येऊर काय वाईट आहे? शिवाय माझे गुडघे दुखतात. जावं का? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : जा ताई, नक्की जा, आणि काकांना सांगा की येऊरला राजाचा मुकुट नाहीये. माथेरानसारखं मात्र काही डोळ्यांसमोर आणू नका, हे चांगलं मोठं शहर आहे, गाड्या, ट्रॅफिक सगळं. रिओपासून साधारण 68 किलोमीटर, घाट चढून दीड तासात पोचता.

नावाचा अर्थच पेद्रोचं शहर, पेद्रो म्हणजे तेव्हाचे ब्राझीलचे राजे, खरं तर सम्राट, बापलेक दोघांचं नाव तेच. पहिल्या पेद्रोने 1830 मध्ये इथे जमीन घेतली आणि 1843 मध्ये मुलाने, म्हणजे दुसऱ्या पेद्रोने, तिथे गाव वसवायला घेतलं, कारण रिओचा उन्हाळा राजालाही सोसवत नव्हता. आखणी कोएलर नावाच्या जर्मन इंजिनिअरची, 1845 मध्ये जर्मन कुटुंबं आणून बसवली, म्हणून अजून बिंगेन, मोसेला अशी वस्त्यांची नावं आहेत.

राजाचा उन्हाळी वाडा आता म्युझियम आहे, सोमवारी बंद, हे आधी लक्षात ठेवा. आत शिरताना बुटांवरून कापडी सपाता घालायला देतात, लाकडी जमिनीवर चरे पडू नयेत म्हणून, म्हणजे तुम्ही राजवाडा बघता आणि तुमच्याच पायांनी तो पुसूनही निघतो! मुकुट इथेच आहे, 639 हिरे आणि 77 मोती. पण मला विचाराल तर खरी मजा सांतोस द्युमोंच्या घरात. 1906 मध्ये पॅरिसमध्ये लोकांसमोर विमान उडवणारा हा माणूस, ब्राझीलवाले राइट बंधूंना मानतच नाहीत, आपल्याकडे शिवकर तळपदेंच्या विमानाचा विषय निघाला की कसा वाद पेटतो तसंच. 1918 चं ते चिमुकलं घर, स्वयंपाकघरच नाही, जेवण समोरच्या हॉटेलातून यायचं, आणि जिन्याच्या पायऱ्या अशा कापलेल्या की उजवाच पाय आधी टाकावा लागतो. गुडघ्यांचं तेवढं बघा, तो जिना चांगलाच उभा आहे, खालून बघितलं तरी चालेल.

क्वितांदिन्हा नावाचा अवाढव्य कसिनो-महाल बाहेरून बघा, 1944 मध्ये उघडला आणि 1946 मध्ये देशात जुगारावरच बंदी आली, बिचारा.

आणि काकांना पटवायला हे सांगा : ब्राझीलची पहिली रेल्वे याच डोंगराच्या पायथ्याकडे धावली, 30 एप्रिल 1854 ला. आपली बोरीबंदर-ठाणे 16 एप्रिल 1853 ची, म्हणजे ठाणेकर वर्षभर पुढेच! घाट चढून गाडी वर शहरात जायला मात्र 1883 उजाडलं.

प्रश्न : पेट्रोपोलिसला पाऊस कधी असतो? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : आपल्या उलट, डिसेंबर ते मार्च. दरडींची भीती खरी आहे, फेब्रुवारी 2022 मध्ये तिथे 230 हून जास्त माणसं गेली. म्हणून नौपाड्याच्या ताई, तुम्हीपण वाचा, डिसेंबरात हवामान बघूनच घाट चढा, जोराच्या पावसाचा इशारा असेल तर रिओतच थांबा. जमलं तर जून-जुलै बेस्ट, थंडी असते, स्वेटर मात्र न्या, आपल्याला ठाण्यात तो कपाटातच ठेवायची सवय.