नाइनीन आणि दोन नांगर

प्रश्न (वडोदऱ्याच्या एका विद्यार्थिनीचा): नाइनीन हे मानवी प्रथिन सेंट्रोसोमपाशी (पेशीतल्या सूक्ष्मनलिकांच्या केंद्रापाशी) सूक्ष्मनलिकांना, म्हणजे पेशीच्या सांगाड्यातल्या बारीक नळ्यांना, धरून ठेवतं. मराठी लेखात 'नांगरून ठेवतं' असं लिहिलं, तर शेत नांगरल्यासारखं वाटतं म्हणून ते खोडलं गेलं. 'अँकर करतं' असंच लिहू का?

मुळीच नको. 'अँकर करणे' ऐकून ऐकून कान किटले आहेत. 'गलबत नांगरलं' वाचून कुणाला नांगरट आठवते? 'जखडतं' किंवा 'खिळवतं' हेही नको. सूक्ष्मनलिका उगवतात गॅमा-ट्युब्युलिन या प्रथिनाच्या कड्यांवरून. नाइनीन त्यांची ऋण टोकं (उगमाकडची टोकं) सेंट्रोसोममधल्या दोन सेंट्रिओलांपैकी जुन्या सेंट्रिओलच्या उपांगांपाशी धरून ठेवतं. पण आंतरकर्णातल्या काही आधारपेशी घडत असताना हेच नाइनीन सेंट्रोसोम सोडून पेशीच्या वरच्या टोकाला जातं आणि नलिका तिथे धरल्या जातात. ठोकलेला खिळा जागचा हलत नाही. नांगर उचलता येतो, दुसरीकडे टाकता येतो.

आणि मुळात हे नांगर दोन आहेत! शेतातला संस्कृत 'लांगल'पासून आला. अशा काही शब्दांतल्या आद्य ल चा ण होतो, हे गुजरातेतल्या पाटणच्या जैन आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकातच आपल्या प्राकृत व्याकरणात नोंदवलं. लांगल, लांगूल (शेपूट), आणि लगेच पुढच्या सूत्रात ललाट (कपाळ). त्या ललाटाचंच आपलं 'निढळ', ज्याचा घाम आपण गाळतो. जहाजाचा नांगर मात्र फारसी 'लंगर'. मग त्याचा ल कुठे गेला? माझं ठाम मत असं, की तो शेतातल्या नांगराने ओढून नेला. पुरावा इथे वडोदऱ्यात रोज कानावर पडतो. गुजरातीत शेतात चालतं ते 'हळ', म्हणून तिथे ओढणारं कुणी नव्हतं. लंगर लंगरच राहिला आणि क्रियापदही 'लांगरवुं' झालं. मराठी खलाशाच्या घरी नांगर आधीपासून होता, तोही जमिनीत रुतणारा, वाकड्या फाळाचा. दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले.

दोन्ही नांगर 'लांगल'चेच म्हणणारे पंडित गुजरातीकडे पाहतच नाहीत. शेजारच्या घरात ल शाबूत असताना अर्थविस्ताराच्या गोष्टी कशाला? दुसरे बंगालीतला 'नोंगर' पुढे करतात: तिथे शेतातला 'लांगल' ल राखून आहे, तरी जहाजाच्या शब्दात न आला, म्हणून ओढाताणीची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं. पण बंगालीत आद्य ल-न यांची अदलाबदल नेहमीचीच. मराठीत फारसीतून आलेले लगाम, लिफाफा, लष्कर सगळे ल धरून बसले आहेत. बदलला तो एकटा लंगर. का बदलला, याचं उत्तर या मंडळींनी आधी द्यावं.