आधी पोरीचं ताट
(सदर : घरचं आरोग्य, वाचकांचे प्रश्न)

या महिन्याच्या पत्रांत कमी वयातल्या गरोदरपणाचा विषय वारंवार आला, म्हणून सदर त्यालाच दिलं आहे. मी डॉक्टर नाही. सरकारी आरोग्य केंद्रांत परिचारिका म्हणून नोकरी केली, त्यातली बरीचशी गोव्यातल्या सत्तरी आणि डिचोलीत. गोळीचा डोस तुमचे डॉक्टर ठरवतील. ताटात काय पडतं आणि ते पोरीच्या पोटात जातं की नाही, यावर मात्र मी बोलणार.

प्रश्न : सुनेला एकोणिसावं लागलंय, पाचवा महिना चालू आहे. वजन ४१ किलो, हिमोग्लोबिन ८.६. डॉक्टरांनी लोहाच्या रोज दोन गोळ्या दिल्या आहेत, पण तिला मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून ती टाळते. शेजारच्या आजी म्हणतात, फार जेवली तर मूल मोठं होईल आणि पहिलटकरणीला जड जाईल. मासळी उष्ण म्हणून बंद केली आहे. काय द्यावं?
— एक सासू, वाळपई

उत्तर : शेजारच्या आजींना माझा नमस्कार सांगा, आणि त्यांचा सल्ला त्यांच्याकडेच राहू द्या. कमी जेवलं की मूल लहान, मूल लहान की सुटका सोपी, हे मी नोकरीभर ऐकलं. सुटका अवलंबून असते कमरेच्या हाडांवर, मूल कसं फिरलंय त्यावर, कळांच्या जोरावर. अर्धपोटी राहून हाड रुंद होत नाही. घटतं ते मुलाचं वजन आणि आईची ताकद. रक्त आधीच कमी असलेल्या मुलीला बाळंतपणात थोडा जास्त रक्तस्राव झाला तरी तो झेपत नाही.

दुसरं म्हणजे, तुमची सून अजून स्वतःच वाढीच्या वयात आहे. हाडांत कॅल्शियम साठण्याचं काम विशीतही चालू असतं. वाढत्या वयातल्या गरोदर मुलींच्या अभ्यासांत असं दिसलंय की आईचं वजन नीट वाढूनही मूल हलकं जन्मू शकतं, कारण तिचं शरीर काही वाटा स्वतःसाठी राखून ठेवतं. म्हणून तिला पंचवीस वर्षांच्या बाईपेक्षा जास्त लागतं. घरात मात्र उलटं होतं. धाकटी म्हणून ती शेवटी जेवायला बसते, आणि तोवर हुमणातला (माशाच्या आमटीतला) मासा संपून रस तेवढा उरलेला असतो. वहिनी, एक काम करा. तिचं ताट पुरुषांच्या पंगतीबरोबर वाढा. हे औषधाच्या दुकानात मिळत नाही, तुमच्याच हातात आहे.

मासळी आजच सुरू करा. तारले, बांगडे, मोतयाळे यांच्यासारखं स्वस्त आणि चांगलं दुसरं काही आपल्या बाजारात नाही. त्यातून प्रथिनं मिळतात, अंगी लागणारं लोह मिळतं, आणि मुलाच्या मेंदूला हवी ती चरबीही. मोतयाळे काट्यांसकट खाल्ले तर कॅल्शियमही. टाळायची ती मोरी, म्हणजे शार्क. मोठ्या शिकारी माशांच्या अंगात पारा साठतो आणि तो पोटातल्या मुलाच्या मेंदूला बाधतो. इसवणही मोठाच मासा, तो रोज नको. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी घालायची आपल्याकडे रीत आहे. दूध येतं ते मूल वारंवार ओढतं म्हणून, त्यासाठी मोरीची गरज नाही. खारी सुकी मासळी चवीपुरती, आणि रक्तदाब वाढलेला असेल तर तीही नको.

सकाळी पोई (गव्हाचा पाव) आणि अळसांद्यांची (चवळीसारखं कडधान्य) पातळभाजी. दहा-साडेदहाला उकड्या तांदळाची पेज, पण नुसती लोणच्याच्या फोडीबरोबर नको, सोबत उकडलेलं अंडं किंवा मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची उसळ). दुपारी शीत-हुमण आणि खोबरं घातलेली तांबडी भाजी, वर लिंबू पिळून. चारला नाचण्यांचं तिझण (खिरीसारखी पेज) गूळ-नारळाचा रस घालून. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. रात्री चपाती, तोंडाक (कडधान्याची आमटी), वाटीभर दही. सोमवार, गुरुवार आणि अख्खा श्रावण तुमच्याकडे शिवराक (शाकाहारी जेवण) असेल तर त्या दिवसांत कडधान्य दुप्पट करा. उपास तिला लावू नका. देव समजून घेतो, हिमोग्लोबिन घेत नाही.

आकडे हवे असतील तर हे घ्या. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने गरोदर बाईला रोज ३५० कॅलरी जास्त लागतात, आणि शेवटच्या तीन महिन्यांत प्रथिनं रोज २२ ग्रॅमनी जास्त. एका अंड्यात ६ ग्रॅम असतात. सुनेचं वजन मुळात कमी आहे, तेव्हा इथून पुढे आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास वाढायला हवं. केंद्रात काटा आहे, दर भेटीत उभी करा.

आता गोळ्या. शौचाला काळं होणं म्हणजे काही बिघडलेलं नाही, न शोषलेलं लोह बाहेर पडतं. मळमळत असेल तर एक गोळी दुपारच्या जेवणानंतर तासा-दोन तासांनी आणि एक रात्री झोपताना, लिंबूपाण्याबरोबर. तरीही उलटी होत असेल तर डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्या, परस्पर बंद करू नका. चहा तिच्या आगेमागे तासभर नको. आपल्याकडे चहाच्या कपाबरोबरच गोळी गिळायची सवय आहे, आणि मग लोकांना वाटतं गोळीत दम नाही. कॅल्शियमची गोळी वेगळी, जेवणाबरोबर, लोहाच्या गोळीपासून किमान दोन तास लांब. तीही महत्त्वाची, कारण कोवळ्या वयात गरोदरपणी रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका जास्त असतो, आणि ज्यांच्या जेवणात कॅल्शियम कमी त्यांचा हा धोका या गोळीने कमी होतो. जंताची गोळी चौथ्या ते सहाव्या महिन्यात एकदा देतात, ती मिळाली का विचारा.

गरोदरपणी ११च्या खाली म्हणजे रक्त कमी. ८.६ घाबरण्यासारखं नाही, पण वाट बघत बसण्यासारखंही नाही. महिन्याने परत तपासा. एका अंकानेही वर सरकलं नसेल तर मोठ्या इस्पितळात पाठवतात, शिरेतून लोह देता येतं. गोळ्या नीट घेऊनही रक्त चढत नसेल तर थॅलेसेमियाची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणीही करून घ्यायला हवी. देशात २०१९-२१च्या पाहणीत निम्म्याहून अधिक, ५२.२ टक्के, गरोदर बायांचं रक्त कमी निघालं होतं. त्यातल्या किती तरी जणींना शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळत होती. ती वर्गाच्या खिडकीतून खाली टाकणाऱ्या पोरी मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या खिडकीखालचं निळं अंगणही.

जाता जाता मिठाचं. आगरातलं जाडं मीठ आपल्याला आवडतं, मलाही आवडतं. पण त्यात आयोडीन घातलेलं नसतं, आणि मुलाच्या मेंदूला ते लागतं. बाळंतपण होईपर्यंत आणि दूध पाजते तोवर सुनेच्या जेवणात पाकिटातलं आयोडीनयुक्त मीठ वापरा. आगरातलं कैरीच्या लोणच्याला ठेवा.

प्रश्न : मी १९ वर्षांची. नवरा आणि मी वास्कोला खोलीत राहतो, घरची माणसं बोलत नाहीत. मी दुकानात उभ्याने काम करते. तिसरा महिना आहे, वास आला की ओकारी येते. दिवसभर चहा-पावावर असते. मशेरी लावते, ती लावली की बरं वाटतं. अजून तपासायला गेले नाही, लोक काय म्हणतील म्हणून.
— नाव नको

उत्तर : बाय, आधी तपासणीचं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर बायांची तपासणी डॉक्टर करतात, फुकट. तिथं कोणी चारित्र्य विचारत नाही. विचारलंच तर पाळीची तारीख विचारतात. एखादी बाई टोमणा मारेलही. मारू दे. तू रक्त, लघवी, रक्तदाब तपासून घे आणि कार्ड घेऊन ये. फॉलिक अॅसिडची गोळी या पहिल्या तीन महिन्यांतच लागते, मुलाचा मेंदू आणि पाठीचा कणा आत्ताच घडतोय. म्हणून पुढच्या ९ तारखेची वाट पाहू नकोस, उद्याच जा.

मशेरी म्हणजे तंबाखूच, बाय. ती हिरडीतून रक्तात जाते आणि मुलाचं वजन कमी करते. बरं वाटतं ते तलफ भागते म्हणून. तोंडात लवंग किंवा बडीशेप धर, आणि नाहीच सुटली तर केंद्रात सांग.

ओकारीसाठी: उठल्या उठल्या कोरडा पाव किंवा भाजलेले चणे, मग अंथरुणातून उठायचं. थोडं थोडं, दर दोन तासांनी. पिशवीत शेंगदाणे-गूळ, उकडलेलं अंडं, केळं ठेव. गरम शिजवलेल्याचा वास सोसत नसेल तर थंड पेज, थंड दहीभात खा. पाणीही टिकत नसेल, लघवी गडद आणि थोडी होत असेल, तर सलाईन लागतं, तेव्हा इस्पितळ. दुकानात बसायला स्टूल माग. अंगणवाडीत नाव घाल. गरोदर बाईला तिथून पोषण आहार मिळतो, आणि पहिल्या मुलासाठी केंद्र सरकारच्या मातृवंदना योजनेत ५,००० रुपये हप्त्यांनी मिळतात. त्याला वयाची आणि कागदांची अट आहे, अंगणवाडीची बाई सांगेल.

प्रश्न : ओळखीतली मुलगी १६ची आहे आणि तिला दिवस गेले आहेत. घरचे पोलिसांच्या भीतीने तिला दवाखान्यात नेत नाहीत. आम्ही काय करावं?
— एक शिक्षिका, डिचोली

उत्तर : १८च्या आतल्या मुलीबाबत पोक्सो (मुलांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा) कायदा, २०१२ लागतो. पोलिसांना कळवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि ज्या कोणाला माहीत आहे त्याच्यावरही, म्हणजे तुमच्यावरही. पण म्हणून कोणतंही इस्पितळ तिला उपचार नाकारू शकत नाही. चाइल्ड हेल्पलाइन १०९८ला फोन करा, तिथून पुढची वाट दाखवतात. वेळ घालवू नका. मूल ठेवायचं की नाही हा निर्णय मुलीचा आहे. गर्भपात कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलीला २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताचा पर्याय आहे, पालकाची लेखी संमती लागते, आणि दिवस जितके कमी तितकं सोपं. मूल ठेवणार असेल तर १६व्या वर्षी रक्तदाब, वेळेआधी प्रसूती, हलकं मूल हे सगळे धोके जास्त. तिला लपवून ठेवणं हाच त्यातला सगळ्यात मोठा धोका. बाळंतपण गोमेकॉसारख्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ) मोठ्या ठिकाणीच व्हावं.

प्रश्न : मुलगी १८ची, सदतिसाव्या आठवड्यात बाळंत झाली. मुलगा २ किलो १०० ग्रॅम. इस्पितळातून घरी आणलाय. न्हाऊ घालणारी बाई म्हणते तेल लावून कढत पाण्याने न्हाऊ घालूया, धुरी देऊया, घुटी चाटवूया म्हणजे अंग धरेल. मुलगी फक्त मेथ्यांची पेज खाते, भाजी बंद, पाणीही कमी.
— आई, काणकोण

उत्तर : अडीच किलोच्या आतलं मूल हलकं धरतात. हलक्या मुलाच्या अंगात चरबी नसते, ते पटकन गार पडतं, आणि गार पडलं की दूध ओढत नाही. तेव्हा त्याचं औषध म्हणजे ऊब आणि आईचं दूध. मुलाला फक्त लंगोट आणि टोपी घालून आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवा, वरून चादर बांधा. दिवसाचे जितके तास जमेल तितके. आई थकली की तुम्ही घ्या, बाप घेऊ दे, त्याचंही अंग चालतं. ही कांगारू पद्धत १९७०च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटाच्या इस्पितळात सुरू झाली, कारण तिथं काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात, त्यात दिल्लीचं सफदरजंग इस्पितळही होतं, जन्मल्या जन्मल्या हे सुरू केलं तर हलक्या मुलांचे मृत्यू चौथ्या हिश्शाने घटले.

दूध दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, झोपलं असेल तर उठवून. ओढायला दमत असेल तर दूध पिळून वाटी-चमच्याने. सहा महिने दुसरं काही नाही, पाणीसुद्धा नाही. घुटी आणि मध नको, मधातून मुलांना जीवघेणा आजार होऊ शकतो. काजळ नको. धुरी आणि खाटेखाली शेगडी अजिबात नको, त्या इवल्या छातीत धूर जातो. न्हाणं काही दिवस थांबवा, कोमट ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करा. खोबरेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही, पण न्हाऊ घालणाऱ्या बाईचा हात जड असतो, ती पीठ मळल्यासारखी मळते. तिला तिचे पैसे द्या आणि बाळंतिणीचे पाय चोळायला सांगा.

पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, घाबरू नका. दोन-तीन आठवड्यांत जन्माच्या वजनावर येऊन पुढे रोज २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं. ड जीवनसत्त्वाचे थेंब आणि पुढे लोहाचे थेंब डॉक्टरांकडून विचारून घ्या. मूल दूध ओढेनासं झालं, हातपाय गार पडले, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त झाला, तळहात-तळपाय पिवळे दिसले, झटका आला, तर सकाळची वाट बघू नका, १०८ बोलवा.

मुलीचं जेवण गरोदरपणापेक्षाही जास्त हवं, पहिले सहा महिने रोज ६०० कॅलरी जादा. मेथ्यांची पेज खाऊ दे, पण सोबत वर लिहिलेलं सगळं. पाणी तहानेइतकं. लोह-कॅल्शियम बाळंतपणानंतरही सहा महिने. आणि पुढचं मूल दोन वर्षं तरी नको. तांबी किंवा इंजेक्शन सरकारी केंद्रात फुकट मिळतं. जावयालाही बरोबर न्या.

प्रश्न : गरोदरपणी काजूची बोंडं चालतात का? आणि नीरो (बोंडांचा रस)?
— पेडणे

उत्तर : बोंडं चालतात, धुऊन, मीठ लावून. क जीवनसत्त्व भरपूर, लोह अंगी लागायला मदतच. नीरो नको. उन्हात तासा-दोन तासांत तो आंबायला लागतो आणि भाटातून (बागेतून) घरी येईपर्यंत त्यात काय झालंय हे चवीवरून कळत नाही. उराक (काजूची हलकी दारू) नाही, आणि सर्दीवर म्हणून चमचाभर फेणीही नाही. पिकलेली पपई, अननस खुशाल खा. कच्ची पपई तेवढी बाळंतपणानंतर.