पोच घेतल्याशिवाय परत फिरू नकोस

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप तीनदा वाचला. "ताई, हे तक्रार करण्याएवढं मोठं आहे का, की मीच फार मनाला लावून घेतेय?" असं तू विचारलंस. आणि खाली जाता जाता लिहिलंस की एचआरच्या बाईंच्या कानावर घातलं होतं, त्या "बघते" म्हणाल्या, त्याला आता अडीच महिने होतील. ऑफिसात तुला त्रास देणाऱ्या त्या माणसाचा शेवटचा मेसेजही साधारण तेव्हाचाच. तुझ्या पहिल्या प्रश्नाची मला काळजी नाही. त्याचं उत्तर तुला ठाऊक आहे, म्हणून तर लिहिलंस. मला काळजी आहे ती त्या अडीच महिन्यांची.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची तक्रार शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांच्या आत करावी लागते, आणि ती लेखी करावी लागते. तक्रार ऐकणाऱ्या समितीला पटलं तर कारण नोंदवून ती ही मुदत आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. पण ते तिला पटलं तर. तुझ्या हातात आजपासून जेमतेम दोन आठवडे आहेत. तू एचआरच्या कानावर घातलंस ती तक्रार झालीच नाही. उद्या त्या बाई म्हणतील, "ती सहज बोलली होती, मला वाटलं कामाचा ताण असेल," आणि ते खोडून काढायला तुझ्याकडे एक ओळ नाही. म्हणून सांगते: लिही, तारीख टाक, पोच घे. या पत्रात हे तुला पुन्हा पुन्हा ऐकावं लागणार आहे.

आधी तुझ्या दोन शंका. तू कंत्राटी आहेस म्हणून तक्रार करता येणार नाही, असं तुला कुणीतरी सांगितलं. साफ चूक. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात कंत्राटी, रोजंदारी, प्रशिक्षणार्थी, एजन्सीमार्फत आलेली, सगळ्या बायका येतात. दुसरी शंका अशी की तो अंगाला लागला नाही, नुसता बोलला आणि रात्री मेसेज केले. नको असलेली लैंगिक अर्थाची टिप्पणी, शरीरसुखाची मागणी, अश्लील चित्र दाखवणं, नको असलेलं कोणतंही शाब्दिक किंवा हावभावाचं वर्तन, हे सगळं व्याख्येत आहे. ऑफिसने दिलेल्या गाडीत झालेलंही कामाच्या ठिकाणीच झालं असं धरतात. आता यावर वेळ घालवू नकोस.

तक्रार कुणाकडे? दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. अध्यक्ष वरच्या पदावरची बाई, कर्मचाऱ्यांपैकी किमान दोन सदस्य, बाहेरच्या संस्थेतली एक व्यक्ती, आणि एकूण सदस्यांत निम्म्या तरी बायका. त्यांची नावं ऑफिसात दिसतील अशी लावलेली असली पाहिजेत. लावलेली नसतील तर ईमेल करून नावं विचार, म्हणजे विचारल्याचीही नोंद राहील. समितीच नसेल तर मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. आणि माणसं दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तिची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात कर. तुझा अर्ज एचआरच्या नावाने लिहू नकोस. अध्यक्षांच्या नावाने लिही. एचआरच्या टेबलावर पडलेला अर्ज समितीपुढे आलाच नाही, असं सर्रास होतं, आणि तोवर तीन महिने उलटलेले असतात.

आता अर्ज. इथे मुली सगळ्यात जास्त चुकतात. "ते नेहमी त्रास देतात, घाणेरडं बोलतात, माझ्या चारित्र्यावर शिंतोडे उडवतात." असे दोन पानी अर्ज येतात आणि त्यात एक तारीख नसते. समोरचा एका ओळीत उत्तर देतो, "असं कधीच घडलेलं नाही," आणि तुझी दोन पानं वाऱ्यावर जातात. तू एकेक प्रसंग वेगळा लिही. तारीख, नक्की आठवत नसेल तर "महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, ऑडिटच्या आदल्या दिवशी" असं. वेळ. जागा. तो काय बोलला ते त्याच्याच शब्दांत, अवतरणात, कितीही ओंगळ असो. "अश्लील बोलले" हे तुझं मत झालं; त्याचे शब्द हा पुरावा. कोण जवळ होतं. तू काय म्हणालीस, काही म्हणाली नसलीस तर तसंच लिही. मग कुणाला सांगितलंस. एचआरला सांगितल्याचा दिवसही यातच येऊ दे. शेवटी तुला काय हवं ते. मराठीत लिही. इंग्रजीत लिहायच्या नादात मुली त्याचे शब्द गुळमुळीत करून टाकतात.

सोबत मेसेजच्या प्रती आणि साक्षीदारांची नावं-पत्ते जोड. सगळं मिळून सहा प्रती द्यायच्या असतात, आणि सातवी तुझी. त्या सातव्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही, शिक्का. हीच पोच. "ठेवून जा, साहेब आल्यावर देते" असं म्हणतील. ठेवून जाऊ नकोस. घेतच नसतील तर त्याच दिवशी अध्यक्षांना आणि बाहेरच्या सदस्याला ईमेल कर, आणि एक प्रत स्पीड पोस्टने पाठवून पावती जप.

मेसेज तू रागाने पुसून टाकलेस, हे वाचून मला वाईट वाटलं, पण रागावले नाही. जे उरलेत ते जप. फोन बदलू नकोस, रीसेट करू नकोस. जुना बॅकअप, लॅपटॉपवर उघडं असलेलं वॉट्सॅप, मैत्रिणीला तेव्हा फॉरवर्ड केलेलं काही, सगळं शोध. स्क्रीनशॉट घेताना त्याचं नाव सेव्ह केलेलं असेल तर पडद्यावर नंबर दिसत नाही, आणि मग "नाव काय, कुणीही कुणाचंही सेव्ह करतं" असं ऐकून घ्यावं लागतं. कॉन्टॅक्ट उघडून नंबर दिसेल असा वेगळा स्क्रीनशॉट घे, तारीख-वेळ दिसू दे, चॅट एक्सपोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठव. पुढे कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा मूळ फोन हाताशी हवा. आणि आजपासून काहीही घडलं की त्याच रात्री स्वतःला ईमेल कर. चार ओळी पुरतात.

अर्ज पोचला की सात कामकाजाच्या दिवसांत त्याला प्रत जाते, त्याने दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं, आणि चौकशी ९० दिवसांत संपवायची. सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हवेत. वकील कुणालाच आणता येत नाही. तुझा जबाब लिहून झाला की प्रत्येक पान वाच, चुकलेलं दुरुस्त करून घे, मगच सही कर, प्रत माग. पुरेशा कारणाशिवाय लागोपाठ तीन सुनावण्यांना तू गेली नाहीस, तर १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन चौकशी बंद होऊ शकते. आजारी असशील तर तोंडी निरोप पाठवू नकोस. लेखी कळव आणि पोच घे.

एक जागा फार निसरडी आहे. समेटाचा विषय निघेल. तो फक्त तुझ्या मागणीवरून होऊ शकतो, आणि पैसे घेऊन होऊ शकत नाही. प्रत्यक्षात मात्र कुणीतरी वडीलधारं माणूस येऊन "त्याची मुलंबाळं आहेत, माफी मागतोय" म्हणतं आणि पुढ्यात कागद ठेवतं, ज्यावर "गैरसमज दूर झाला" असं लिहिलेलं असतं. त्यावर सही केलीस की तुझी सगळी तक्रार गैरसमज ठरते. कागदाचं बळ त्यांनाही कळतं, बाळ. समेट करायचाच असेल तर काय घडलं, त्याने काय कबूल केलं आणि पुढे काय करणार नाही, हे तुझ्या शब्दांत लिहून घे.

चौकशी चालू असताना तुझी बदली करतो म्हणतील, तुझ्या सोयीसाठी म्हणून. लगेच हो म्हणू नकोस. त्याची बदली मागता येते. तुला हक्काच्या रजेशिवाय तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. आणि मुलींना माहीत नसतं ते हे, की त्याने तुझ्या कामाचा अहवाल लिहू नये, तो दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावा, अशीही मागणी करता येते. तुझं कंत्राट त्याच्या शेऱ्यावर वाढणार आहे ना? मग हीच मागणी पहिली. अर्थात लेखी.

खोटी तक्रार म्हणून तुझ्यावरच उलटेल, ही भीती तुला घरच्यांनी घातली आहे. कायदा स्पष्ट आहे. तक्रार सिद्ध करता आली नाही म्हणजे ती खोटी ठरत नाही. दुष्ट हेतूने केली हे चौकशीत वेगळं सिद्ध व्हावं लागतं. तू मात्र ऑफिसच्या ग्रुपवर, स्टेटसवर काही टाकू नकोस. चौकशीचा तपशील लोकांपुढे आणायला कायद्याने बंदी आहे, आणि ती तुलाही लागू आहे.

पोलिसांचा रस्ता वेगळा आहे, तो समितीमुळे बंद होत नाही, आणि तुला जायचं असेल तर ऑफिसने मदत केली पाहिजे. भारतीय न्याय संहितेत कलम ७५ लैंगिक छळाचं, ७८ पाठलागाचं. नकार कळूनही वारंवार संपर्क साधत राहणं ७८ मध्ये येतं. ठाण्यात "अर्ज द्या, चौकशी करतो" म्हणतील किंवा एनसीवर, म्हणजे अदखलपात्र नोंदीवर, भागवतील. ७५ दखलपात्र आहे, तिथे एफआयआरच हवा. हद्द आमची नाही म्हणाले तरी शून्य क्रमांकाने नोंद करावी लागते, आणि प्रत फुकट मिळते. नाकारलंच तर तेच लेखी पोस्टाने पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे. वकिलाच्या खर्चाची चिंता नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही बाईला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातच त्यांचं कार्यालय असतं, फोन १५१००.

आमच्यातल्या तरुण मुली मला म्हणतात, ताई, आधी तिच्या मनाचं बघा, कागदाचं नंतर. मनाचं मला कळतं. इतकी वर्षं मी बायकांचं ऐकूनच घेतलं. पाठीवरून हात फिरवला, धीर दिला, आणि लिहून घेतलं नाही. ते माझं चुकलं, आणि त्याची भरपाई आता होणार नाही. मन सावरायला कितीही वेळ लागो, मुदत तीन महिन्यांचीच असते. म्हणून मी हट्ट धरते. कुणाला तो कोरडा वाटला तरी मी तो सोडणार नाही.

२७ नोव्हेंबर १९७३ला मुंबईत परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर त्या काम करत होत्या त्याच रुग्णालयात, तिथल्याच एका कामगाराने अत्याचार केला. त्याला शिक्षा झाली ती मारहाण आणि लुटीबद्दल, सात वर्षांची. लैंगिक अत्याचार खटल्यात आलाच नाही, कारण तो कागदावर आला नव्हता. त्या एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ अंथरुणावर होत्या आणि १८ मे २०१५ला गेल्या. कागदावर न आलेल्या गोष्टीचं काय होतं, ते इथे दिसतं.

आणि राजस्थानातल्या भटेरीच्या भंवरी देवी. साथीन, म्हणजे सरकारी महिला विकास कार्यक्रमातली गावातली कार्यकर्ती, म्हणून बालविवाह रोखायला गेल्या, म्हणून १९९२मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. गावाने वाळीत टाकलं, वैद्यकीय तपासणी वेळेत झाली नाही, १९९५मध्ये आरोपी बलात्काराच्या आरोपातून सुटले. तरी त्यांनी तक्रार सोडली नाही. त्या प्रकरणातून महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ला विशाखा निकाल आला. न्यायालयाने कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ हा संविधानातल्या समानतेच्या आणि सन्मानाने जगण्याच्या हक्काचा भंग मानला. एखाद्या बाईच्या शीलाचा प्रश्न म्हणून सोडून दिला नाही. आज तू ज्या कायद्याने अर्ज करणार आहेस तो तिथून निघून २०१३मध्ये आला, ९ डिसेंबरपासून लागू झाला. तुझी आई तुला "जपून राहा, उशिरापर्यंत थांबू नकोस, ओढणी घे" म्हणते ते मायेपोटी, पण त्यात त्या माणसाला काहीच करावं लागत नाही. उशिरापर्यंत थांबून काम करायचा हक्क तुझाही आहे. आईवर चिडू नकोस. तिला कुणी अर्ज लिहायला शिकवलंच नाही.

नोकरी सोडावी का, हेही विचारलंस. सोडायची असेल तर सोड, पण राजीनाम्यात "वैयक्तिक कारणास्तव" असे दोन शब्द लिहू नकोस. खरं कारण लिही, आणि राजीनाम्याआधी अर्ज दे.

आज रात्री प्रसंग लिहायला बस. पहिल्या खेपेला रडू येईल, येऊ दे, लिहित राहा. मसुदा त्यातली नावं झाकून मला पाठव, मी रात्रीच वाचून देते. मंगळवारी सहा प्रती घेऊन जा, सोबत मैत्रिणीला ने, ती दाराबाहेर थांबली तरी चालेल. आणि सातव्या प्रतीवर शिक्का पडला की मला फोन कर.

तुझी,
ताई