आजोबांची जुनी स्टील गिटार नेमकी कोणत्या सालची? गिटार ठेवायच्या पेटीवरून साल कळतं का?

माळ्यावर सापडलेली काळी, दगडासारखी जड, मांडीवर ठेवून वाजवायची गिटार. पाटीवर रिकनबॅकर या अमेरिकन गिटार कंपनीचं नाव. पेटीत गिरगावच्या दुकानाचं लेबल. आणि ओळखीतल्या एकांनी पेटी बघून सांगितलेलं '१९३५'. तुमच्या प्रश्नातून मला एवढं कळलं.

पेटी सगळ्यात शेवटी बघा. गिटार आणि पेटी यांची लग्नं पुष्कळदा नंतर लागलेली असतात. १९३५ हा आकडा लोक सहज ठोकून देतात, कारण त्या साली हे बेकेलाइटचं (जुन्या काळच्या कडक प्लास्टिकचं) मॉडेल बाजारात आलं. पुढे ते बरीच वर्षं बनत होतं.

आधी पट्टी घ्या. तारांवर कमानीसारखे वाकलेले नालाच्या आकाराचे चुंबक दिसतील, त्यांची रुंदी मोजा. दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर भरली तर गिटार बहुधा दुसऱ्या महायुद्धाआधीची. सव्वा इंच, म्हणजे ३२ च्या आसपास असेल तर युद्धानंतरची. मग अंगावरचे पत्रे बघा: आधी चकचकीत क्रोमचे, नंतर पांढऱ्या रंगाचे. तारा मागच्या बाजूने आरपार ओवलेल्या असतील तर जुनी, पत्र्याच्या टेलपीसमध्ये, म्हणजे तारांची टोकं धरणाऱ्या भागात, अडकवलेल्या असतील तर नंतरची. तिन्ही खुणा एकच सांगत असतील तर उत्तम. नसतील तर एखादा भाग बदललाय, किंवा युद्ध संपल्यानंतरच्या त्या एक-दोन वर्षांतली आहे, जेव्हा उरलेला जुना माल नव्याबरोबर बसवला जात होता.

पाटीवरचं स्पेलिंगही नीट वाचा. शेवटच्या 'ईआर'च्या आधी 'एच' असेल तर साधारण १९५० पूर्वीची, 'के' असेल तर त्यानंतरची. २०८९१७१ हा पेटंट क्रमांक दिसला तर १९३७ च्या आधीची असूच शकत नाही, कारण ते पेटंट त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मिळालं.

आता माझी आवडती जागा: व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे आवाजाच्या बटणाखालचा फिरणारा भाग. पत्रा उघडून पॉटच्या पाठीवर किंवा कडेला ठोकलेले आकडे टॉर्चने वाचा. समजा ३०४८२७ आहे. ३०४ म्हणजे स्टॅकपोल कंपनी, ८ म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा, २७ म्हणजे आठवडा. १९४८ की १९५८, ते चुंबक आणि पाटी ठरवतील. (सीटीएस या दुसऱ्या कंपनीचा पॉट असेल तर सुरुवात १३७ ने होते.) युद्धाआधीच्या पॉटवर असा कोड शोधत बसू नका. आणि हा आकडा फक्त 'याच्या आधीची नाही' एवढंच सांगतो. फेंडर या दुसऱ्या गिटार कंपनीने १९६६ मध्ये इतके पॉट एकदम घेऊन ठेवले, की ते पुढची दोन-तीन वर्षं पुरले. शिवाय आपल्याकडे खरखर आली की कारागीर पॉट बदलून मोकळा होतो, म्हणून त्याची डाकं जुनी वाटतात का, तेही बघा. आकडा डाकेखाली झाकला असेल तर सोल्डरिंग आयर्न लावू नका, तसंच राहू द्या.

एकदा मी स्वतः फसलोय. 'युद्धाआधीची, मूळ पेटीसह' म्हणून घेतली, घरी येऊन उघडली तर पॉट १९५१ चा. पेटी मात्र खरंच जुनी होती, दुसऱ्याच कुठल्या तरी गिटारची. तेव्हापासून मी अस्तर बघतो. मखमलीवर वर्षानुवर्षं दबलेल्या जागा असतात: ब्रिजची, बटणांची, खुंट्यांची. गिटार ठेवल्यावर तिचे उंचवटे त्या खळग्यांत बसले पाहिजेत. माझ्या पेटीत दोन बटणांचे खळगे होते आणि ते गिटारच्या बटणांपासून चांगले चार बोटं लांब.

लेबलांवरचे पत्ते वाचण्यात तर मजा आहे. अमेरिकन लेबलवर शहराच्या नावापुढे एक-दोन आकडी विभाग असेल, 'शिकागो १४' असा, तर ते १९४३ ते १९६३ मधलं. पाच आकडी झिप (तिकडचा पिन कोड) त्यानंतरचा. आपल्याकडे तसंच: 'मुंबई ४' असेल तर लेबल बहुधा १९७२ पूर्वीचं, '४०० ००४' असेल तर पिन कोड आल्यानंतरचं. पण गिरगावचं लेबल गिटार इथे कधी होती ते सांगेल, बनली कधी ते नाही. व्हॅन शिपले, हजारा सिंग या गिटारवादकांमुळे मुंबईत या वाद्याची हौस बरीच होती, त्यामुळे ती दुसऱ्या-तिसऱ्या हातातूनही आजोबांकडे आली असेल.

तोवर ब्रासोने घासू नका. चुंबकाचं माप, पाटीचा जवळून फोटो आणि पॉटचे आकडे इथे टाका, मग नक्की काय ते बोलू.